पंचविशीतली फिरायची यादी: आधी काय, नंतर काय

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २५, शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्वालिटीला नोकरी, महिन्याला हातात २८,००० रुपये. बकेट लिस्टमध्ये पाच गोष्टी: बुलेटवरून लडाख, एव्हरेस्ट बेस कॅम्प, स्कूबा डायव्हिंग, युरोप आणि नॉर्दर्न लाइट्स, म्हणजे उत्तर ध्रुवाकडच्या आकाशात रात्री दिसणारा रंगीत उजेड. वडील म्हणतात, आधी फ्लॅट, मग लग्न, फिरायला आयुष्य पडलंय. मित्र म्हणतात, कार्ड घास आणि नीघ, हे वय परत येत नाही. ऐकायचं कुणाचं?

गेली २७ वर्षं मी कोल्हापुरातून पोरापोरींना सह्याद्रीत आणि हिमालयात घेऊन जातोय. हा प्रश्न मला वेगवेगळ्या तोंडून सतत ऐकायला मिळतो. वडिलांचं 'आधी-नंतर' बरोबर आहे आणि मित्रांचं 'वय परत येत नाही' हेही बरोबर आहे. गोंधळ होतो तो दोघंही सगळ्या यादीला एकच माप लावतात म्हणून. कागद घे, पाचही गोष्टी लिही आणि प्रत्येकीपुढं एकच प्रश्न मांड: हे मी ४५ व्या वर्षी केलं तर काय बिघडेल?

युरोपपुढं उत्तर येईल, काहीच नाही. उलट पंचेचाळिशीत युरोप जास्त चांगला बघून होतो, कारण तेव्हा प्रत्येक कॉफीची किंमत रुपयांत मोजत बसावं लागत नाही. नॉर्दर्न लाइट्सना गुडघे लागत नाहीत. पैसा, थंडीचे कपडे आणि ढग नसलेली रात्र लागते. सूर्यावरच्या हालचाली जोरात असल्या की तो उजेड जास्त दिसतो, आणि त्यांचं चक्र साधारण ११ वर्षांचं असतं. त्याचा जोर २०२४-२५ च्या सुमारास होता, म्हणजे पुढच्या वेळी तू पस्तिशीच्या आसपास असशील. या दोन्ही गोष्टी खुशाल मागं ठेव. पासपोर्ट मात्र आत्ताच काढ, कोल्हापुरात पोस्टातच काम होतं आणि तो १० वर्षं चालतो.

काही गोष्टींवर मात्र वयाची अट कागदावरच छापलेली असते, आणि त्या तुझ्या यादीत नाहीतच. ऑस्ट्रेलियाचा वर्क अँड हॉलिडे व्हिसा २०२४ पासून भारतीयांना खुला झाला. वय १८ ते ३०, वर्षाला १,००० जागा, नावं सोडतीनं निघतात. एक वर्ष तिथं राहायचं, काम करायचं आणि त्याच पैशावर देश बघायचा. ब्रिटनची यंग प्रोफेशनल्स योजना २०२३ पासून आहे. तिथंही १८ ते ३०, पदवी हवी, खात्यात २,५३० पौंड दाखवावे लागतात, सोडतीत नाव आलं तर दोन वर्षं राहता येतं. सोडतीत नाव येईलच असं नाही, पण ३१ वर्षं पूर्ण झाली की अर्जच करता येत नाही. फाउंड्रीतला, हातानं काम करायची लाज नसलेला पोरगा अशा ठिकाणी टिकतो, हे मी माझ्याबरोबर चाललेल्या दोन पोरांच्या बाबतीत बघितलंय.

अशीच दुसरी गोष्ट म्हणजे गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स. दार्जिलिंगची संस्था १९५४ ची, उत्तरकाशीची १९६५ ची. मी २३ व्या वर्षी उत्तरकाशीला गेलो होतो. साधारण चार आठवडे लागतात. आधी पाठीवर वजन घेऊन चालणं, दोरीच्या गाठी, कडा चढणं-उतरणं, मग डोकरानी बामक हिमनदीवर मुक्काम टाकून बर्फातलं शिक्षण. फी बाजारातल्या ट्रेकच्या मानानं कमी असते, वयाला वरची मर्यादा असते आणि नाव बरंच आधी नोंदवावं लागतं. पण खरी किंमत म्हणजे सलग चार आठवड्यांची सुट्टी. लग्न झालेला, पोरं शाळेत असलेला माणूस ती कुठून आणणार? एक नोकरी सोडून दुसरी धरायच्या मधला महिना हाच त्याचा मुहूर्त. बेस कॅम्पला जायच्या आधी हा कोर्स झाला, तर डोंगरात तू कुणाच्या तरी मागं चालणारा गिऱ्हाईक राहत नाहीस.

आता लडाख. इथं मी जरा जास्त बोलणार आहे, कारण 'तरुण आहे, जमतंय' या एका वाक्यावर पोरं तिथं जिवावर बेतून घेतात.

२०११ च्या जुलैत आम्ही १४ जण मनालीहून निघालो होतो. गाड्या भाड्यानं देणाऱ्यानं सांगितलं, पहिल्या दिवशी लेहच्या वाटेवरचं सरचू गाठायचंच, सगळे तसंच करतात. मी मान्य केलं, ती चूक माझी. मनाली समुद्रसपाटीपासून साधारण २,०५० मीटरवर आहे आणि सरचू ४,२०० च्या वर. म्हणजे एका दिवसात दोन हजार मीटरहून जास्त चढायचं आणि तिथंच झोपायचं. ३,००० मीटरच्या वर गेलं की झोपायची जागा एका दिवसात साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा डोंगरातला नियम.

गटात तालमीतला एक गडी होता, वय २६, अंगानं सगळ्यांत दणकट. रात्री अकराच्या सुमारास त्याचा जोडीदार मला उठवायला आला. गडी तंबूत बसलेला, डोकं दोन्ही हातांत धरलेलं, दोनदा उलटी झालेली. संध्याकाळपासून डोकं ठणकत होतं, पण बोलला नव्हता. मी त्याला बाहेर घेतलं, टॉर्चच्या उजेडात जमिनीवर दोरी सरळ टाकली आणि सांगितलं, टाचेला बोटं लावत हिच्यावरनं चालून दाखव. आखाड्यात पाय रोवले तर दोघांना हलत नव्हता असा माणूस, तिसऱ्या पावलाला झोकांडी खाऊन माझ्या अंगावर आला. दारू प्यायल्यासारखा तोल जाणं ही मेंदूला सूज यायला लागल्याची खूण असते. तिच्यावर खरा उपाय एकच, खाली उतरणं.

आणि सरचूची मेख नेमकी इथंच आहे. मनालीकडं परतायचं तर आधी ४,८०० मीटरच्या वरचा बारालाचा घाट चढावा लागतो. लेहकडं जायचं तर त्याहून उंच लाचुंग ला ('ला' म्हणजे घाट). खाली जायलाही आधी वर जावं लागतं. पेटीतलं सूज उतरवणारं डेक्सामेथासोन दिलं, ऑक्सिजन लावला आणि सामानाची गाडी रात्रीच काढली. बारालाचावर गाडी एक मिनिटही थांबवली नाही. मी मागच्या सीटवर त्याला धरून बसलो होतो आणि दर थोड्या वेळानं त्याला घरचा पत्ता विचारत होतो, बरळतोय की शुद्धीत आहे हे कळावं म्हणून. मध्ये दोनदा त्याला पेठ आठवली नाही. पहाटे केलाँगला पोहोचलो, उंची ३,१०० च्या आसपास. तिथं त्यानं त्या रात्रीत पहिल्यांदा स्वतःहून पाणी मागितलं.

तो वाचला, आजही भेटतो. पण तेव्हापासून मी एकही गट मनालीकडून वर नेला नाही. लडाखला गाडीनं जायचं तर श्रीनगरकडून जा. श्रीनगर १,६०० मीटरच्या आसपास, सोनमर्ग आणि कारगिल दोन्ही २,७०० च्या आसपास, लेह ३,५००. मधला झोजिला आणि फोटू ला उंच आहेत, पण त्यांच्यावरून तू ओलांडून जातोस, झोपतोस खालीच. शरीराला सवय होत जाते. लेहला पोहोचल्यावर पहिले दोन दिवस काही करायचं नाही. शांती स्तूपाच्या पायऱ्यासुद्धा दुसऱ्या दिवसानंतर. मग खारदुंग ला, ५,३५९ मीटर, तिथं फोटो काढायचा आणि पंधरा-वीस मिनिटांत उतरायला लागायचं. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी घ्यायची तर आपल्या डॉक्टरला विचारून, सल्फाची ॲलर्जी असेल तर तसं सांगून. तरुण वय विरळ हवेपासून वाचवत नाही. दमदार पोरगं उलट जोरात चढतं, दुखणं लपवतं आणि जास्त अडचणीत येतं. विशीतल्या वयाचा उपयोग वेगळ्याच ठिकाणी होतो: दिवसात आठ तास गाडी मारून दुसऱ्या दिवशी पाठ ताठ राहते, फाटक्या गादीवर झोप लागते आणि पंधरा दिवसांच्या सुट्टीसाठी घरातल्या चौघांचं वेळापत्रक बघावं लागत नाही. म्हणून लडाख पंचविशीतच कर. फक्त कोल्हापूरपासून गाडी मारत जाऊ नकोस. अर्धी सुट्टी हायवेवरच्या उन्हात जाते.

बेस कॅम्पला, म्हणजे ५,३६४ मीटरवर, हाच नियम लागतो. वाटेतल्या नामचे गावात दोन रात्री काढायच्याच, कुणी कितीही घाई केली तरी. नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही, पण विमानानं जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं, नुसत्या आधारवर अडवतात. आणि प्रवासविमा घेताना त्यात उंचीची मर्यादा किती लिहिली आहे ते वाच. बऱ्याच पॉलिसी ज्या उंचीवर थांबतात, त्याच्या वरच हेलिकॉप्टरची गरज पडते.

स्कूबा आपल्या घाटाखालीच आहे. मालवणला किल्ल्याजवळ पंधरा मिनिटं प्रशिक्षकाचा हात धरून पाण्याखाली जाणं हे चाखून बघणं झालं. ओपन वॉटर नावाचा स्कूबाचा पूर्ण कोर्स तीन-चार दिवसांचा असतो. तो झाला की १८ मीटरपर्यंत जोडीदाराबरोबर उतरता येतं आणि त्याचं प्रमाणपत्र जन्मभर चालतं. तारकर्लीला एमटीडीसीचं केंद्र आहे. पंचगंगेत पोहायला शिकलेल्याला पाण्याची भीती नसते, कान मात्र आधी डॉक्टरला दाखव. शेवटच्या डाईव्हनंतर त्याच संध्याकाळी घाट चढून कोल्हापूरला यायचं नाही. एक रात्र मालवणात काढ, दुसऱ्या दिवशी नीघ. विमानाला तर किमान १८ तास. खोलवर श्वासातून रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, आणि उंचीवर हवेचा दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होतात.

पैशाचं बोलतो. कार्ड घासायला माझा साफ विरोध आहे. थकलेल्या कार्डावर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज लागतं, वर्षाचे चाळीसच्या वर गेले. ६०,००० ची सहल करून किमान रक्कम भरत राहिलास तर महिन्याला दोन हजार रुपये नुसते व्याजात जातील. अशी पोरं मी बघितली आहेत, लडाखचा फोटो अजून डीपीवर आणि हप्ता तिसऱ्या वर्षीही चालू. ती पुढं कुठंच गेली नाहीत.

आधी तीन महिन्यांचा खर्च बाजूला टाक आणि स्वतःच्या नावाचा आरोग्यविमा घे. मग महिन्याला ३,५०० ची आरडी, फक्त फिरण्यासाठी. वर्षाला ४२,००० झाले. माझ्या अंदाजानं एवढ्यात एका वर्षी हिमालयातला आठवड्याचा ट्रेक आणि सह्याद्रीतले हवे तेवढे होतात, दुसऱ्या वर्षी लडाख होतं, आणि बेस कॅम्पला दोन वर्षांचं साठवावं लागतं. आपल्याकडं गल्लोगल्ली भिशी आहे आणि सहलीची भिशी करून आख्खं मंडळ फिरून येतं, हे मला मनापासून आवडतं. कारण भिशीत एकानं टाळाटाळ केली की बाकीचे दारात येतात, सहल होतेच. फक्त पैसे कुणाच्या कपाटात राहू नयेत. प्रत्येकानं आपापल्या नावावर आरडी काढावी आणि तारीख एक ठेवावी. पूर्वी एकदा आमची हिमाचलची भिशी निघायच्या महिनाभर आधी बुडाली आणि त्यात दोन सख्खे मित्र एकमेकांना कायमचे तुटले.

वडिलांना हे आकडे कागदावर दाखव. पाच वर्षांत २,१०,००० होतात. फ्लॅटच्या सुरुवातीच्या रकमेत त्यांची उणीव भासेल हे खरं आहे, तू ते नाकारू नकोस. पण फ्लॅट त्यामुळं एखाद-दोन वर्षं पुढं जाईल, रद्द होणार नाही. कर्ज न काढता, ठरलेल्या रकमेत फिरणारा पोरगा दिसला की आई-वडिलांचा अर्धा विरोध मावळतो. त्यांची भीती बहुतेक वेळा फिरण्याची नसतेच, पोरगं हाताबाहेर जाईल याची असते.

आणि हे सगळं सुरू कुठून करायचं? दारातून. पन्हाळा ते पावनखिंड, दरवर्षी जुलैत, पन्नास किलोमीटरच्या आसपास, दोन दिवस. १६६० च्या आषाढी पौर्णिमेच्या रात्री सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज निघाले ती वाट. पन्हाळ्यावर बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी जमायचं, मसाई पठार ओलांडायचं, धुक्यात पुढच्या माणसाची सॅक तेवढी दिसते. खाचरातून जाताना बूट चिखलात रुतून राहतो आणि पाय मोकळाच वर येतो. करपेवाडीच्या आसपास मुक्काम पडतो, तेव्हा अंगावर कोरडं असं काही राहिलेलं नसतं. वाडीतली कुणीतरी मावशी चुलीपुढं सरकून जागा करते आणि म्हणते, "पाय म्होरं घे की रं लेकरा." दुसऱ्या दिवशी पांढरेपाण्याच्या पुढं खिंडीत उतरताना पोरं आपोआप गप्प होतात.

या दोन दिवसांत मला माणूस कळतो. ओल्या मोज्यात दुसऱ्या दिवशी कुरकुर न करता चालणारा, आपली कोरडी बनियन दुसऱ्याला देणारा, "मला जमत नाही, थांबा" असं वेळेवर सांगणारा, असा पोरगा हिमालयात चालतो. शेवटचा गुण सगळ्यांत महत्त्वाचा. सरचूच्या गड्याकडं बाकी सगळं होतं. आपल्या कस्तुरी सावेकरनं मे २०२२ मध्ये एव्हरेस्ट सर केलं. समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेपाचशे मीटरवरच्या या गावातली मुलगी तिथवर गेली, मग बेस कॅम्प तुला लांब का वाटावा? पावनखिंड झाली की पाटगावकडून रांगणा कर. आठवड्यातून तीन दिवस आठ किलो वजन पाठीवर घेऊन जोतिबाच्या पायऱ्या चढ, आणि उतरताना घाई करू नकोस. गुडघे उतारावर झिजतात. बूट नवीन असतील तर याच पायऱ्यांवर मऊ होऊ देत, हिमालयात नव्हे.

तुझ्या यादीत एक ओळ मात्र राहिली आहे.

माझे वडील करवीर तालुक्यातले, ऊसवाले. त्यांचा प्रवास म्हणजे जोतिबा, पंढरपूर आणि ऊस कारखान्याला गेला की एखाद्या साली गणपतीपुळे. मी उत्तरकाशीहून आलो तेव्हा फोटो हातात घेऊन बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, "मला एकदा केदारनाथ दाव." मी म्हणालो, पुढच्या वर्षी नेतो. पुढच्या वर्षी माझी बॅच होती, त्याच्या पुढच्या वर्षी बहिणीचं लग्न, मग घर. मी दरवर्षी दुसऱ्यांच्या पोरांना हिमालयात नेत होतो. त्यांना नेलं तेव्हा ते ७२ वर्षांचे होते. गौरीकुंडापासून वर १६ किलोमीटरच्या आसपास चढ. पायांत बळ नव्हतं, घोड्यावर बसायला कंबर तयार नव्हती आणि ढगांमुळं हेलिकॉप्टर दोन दिवस बंद होतं. एका चहाच्या टपरीवर बाकड्यावर बसले, काठी आडवी मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "तू जाऊन ये. वर काय काय हाय ते मला नीट सांग." मी जाऊन आलो, सांगितलं. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच विचारलं, देवळाच्या पाठीमागं बर्फ खरंच फोटोत दिसतो तेवढा जवळ हाय का.

तुझे वडील आत्ता पंचावन्नच्या आसपास असतील. कागदावरचे आकडे त्यांच्यापुढं ठेवायच्या आधी त्यांना विचार, तुम्हाला कुठं जायचं होतं? पहिल्यांदा "मला कुठं जायचंय आता" असं म्हणतील. दोन दिवसांनी परत विचार. जे नाव घेतील ते यादीत सगळ्यांत वर लिही आणि पहिली आरडी त्यावर मोड. उत्तरेकडं जायचं निघालं तर आपल्या स्टेशनवरून आठवड्यातून एकदा थेट दिल्लीच्या निजामुद्दीनची गाडी आहे. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, खालचे दोन बर्थ मिळतील अशा बेतानं त्याच सकाळी तिकीट काढ.